पूर ओसरल्यानंतरची ओल : प्रस्तावना

कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी किती चढले, हे राजाराम बंधाऱ्यावरील मापावरून पुराच्या दिवसांत तासातासाला जाहीर होत असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे दोन आकडे शहरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात आणि त्यांच्याच आधारावर स्थलांतराचे व वाहतुकीचे निर्णय घेतले जातात. नदी पुन्हा पात्रात गेली की ही मोजणी थांबते; परंतु त्या पाण्याचा जो अंश घरांच्या भिंतींत, जोत्यांत, तुळयांत आणि दारांच्या चौकटींत मुरलेला असतो तो पुढे कित्येक महिने तेथेच राहतो आणि त्याची पातळी कोणी मोजत नाही. पुराने भिजलेल्या वास्तूची दुरुस्ती करताना तिच्यात ओल कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या गतीने कमी होत आहे हे ठरावीक अंतराने मोजून नोंदवत जाणे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. या कामाला ग्रंथात ‘ओलावा-निरीक्षण’ अशी संज्ञा वापरली असून, एखाद्या दिवशी घेतलेल्या एका मापापेक्षा त्याच जागी पुन्हा पुन्हा घेतलेल्या मापांच्या क्रमाला त्यात अधिक मोल आहे.

हा विषय कोल्हापूरच्या संदर्भात मांडण्याचे कारण येथील पुराच्या स्वभावात आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा सिद्ध होते, शहराला वळसा घालून पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. कृष्णाही त्याच वेळी दुथडी भरून वाहत असेल, तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि पूर चढण्यापेक्षा उतरायलाच जास्त दिवस घेतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत नदीने धोका पातळी मोठ्या अंतराने ओलांडली. त्यांपैकी शेवटच्या दोन पुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, आणि २०२४ च्या जुलैमध्येही धोका पातळी पुन्हा ओलांडली गेली. शहरातील सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, रमणमळा हे भाग, करवीर तालुक्यातील आंबेवाडी व चिखली ही गावे आणि शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर हा नदीकाठचा पट्टा यांच्या दृष्टीने पाणी घरात किती उंच चढले याइतकेच ते घरात किती दिवस उभे राहिले, हेही निर्णायक असते. ओल साहित्यात किती खोल शिरते ते साधारणपणे काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते, म्हणजे चारपट काळ पाणी साचून राहिल्यास ओलीची खोली दुप्पट होते. डोंगरातून झपाट्याने येऊन झपाट्याने उतरणाऱ्या पुराचे नियम म्हणूनच कृष्णाकाठच्या रेंगाळणाऱ्या पुराला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पाणी भिंतीत शिरते ते तिच्यातील सूक्ष्म पोकळ्यांच्या जाळ्यातून. विटा, चुना, माती आणि काँक्रीट ही सारी साहित्ये सच्छिद्र आहेत आणि त्यांच्या केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक छिद्रांतून पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर व आत ओढले जाते. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. त्यामुळे पुराच्या गढूळ पाण्याने भिंतीवर सोडलेली रेषा ही ओलीची सीमा मानणे चुकीचे ठरते, कारण प्रत्यक्षातील ओल त्या रेषेच्या बरीच वर पोहोचलेली असते. साहित्यानुसार हे वर्तन बदलते. काळा बसाल्ट दगड घट्ट असल्याने स्वतः फारसे पाणी पीत नाही, पण त्याच्या सांध्यांतील चुना किंवा माती पिते. पश्चिमेकडील शाहूवाडी, पन्हाळा, आजरा या भागांत आढळणारा जांभा मुळातच सच्छिद्र आहे. भाजलेली वीट काही तासांतच भिजते. मातीच्या भिंतीची तर भारवहनाची ताकदच ओलीबरोबर नाहीशी होते आणि म्हणून पूर ओसरत असतानाच ती ढासळते. सिमेंटचा गिलावा पाणी हळू घेतो खरा, पण आत गेलेले पाणी बाहेरही हळूच सोडतो, आणि त्यावर प्लास्टिक रंगाचा थर असेल तर जवळजवळ सोडतच नाही.

या पाण्याचे परिमाण साध्या हिशोबाने समजते. नऊ इंची, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीचा एक चौरस मीटर भाग घेतला आणि त्याच्या आकारमानाचा पाचवा हिस्सा पाण्याने भरला असे धरले, तर त्या भागात सुमारे ४६ लिटर पाणी साठते. दहा फूट बाय दहा फूट खोलीच्या चारही भिंती कंबरेपर्यंत भिजल्या असतील, तर हा आकडा पाचशे लिटरांवर जातो. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी ऊर्जा लागते, म्हणजे त्या एका चौरस मीटरमधील सारे पाणी केवळ उष्णतेने घालवायचे म्हटले तर तीसहून अधिक युनिटे खर्ची पडतील. हे काम प्रत्यक्षात वारा, ऊन आणि कोरडी हवा विनामूल्य करतात, परंतु त्यांना वेळ द्यावा लागतो. जाड भिंतींसाठी बांधकामक्षेत्रात दर इंच जाडीला साधारण एक महिना असा ढोबळ अडाखा वापरला जातो. तो लावला तर ऑगस्टमध्ये भिजलेली नऊ इंची भिंत मे महिन्याच्या सुमारास सुकते आणि लगेच जूनमध्ये पुढचा पावसाळा सुरू होतो. कोल्हापुरातील पूरग्रस्त घराला कोरडे होण्यासाठी मिळणारा अवधी असा जेमतेम पुरणारा आहे, आणि त्यातील एकही महिना अंदाजपंचे वाया घालवणे परवडण्याजोगे नाही, हे या ग्रंथामागील मुख्य सूत्र आहे.

सुकण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात आतले पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत सतत येत राहते आणि तेथून त्याची वाफ होते. या काळात सुकण्याचा वेग मुख्यतः हवेवर अवलंबून असतो आणि तो जवळजवळ स्थिर राहतो. आतील पाण्याचा सलग धागा तुटला की दुसरा टप्पा सुरू होतो. आता वाफ भिंतीच्या आतच तयार होते आणि छिद्रांतून वाट काढत बाहेर येते, त्यामुळे वेग झपाट्याने मंदावतो आणि पंख्यांची संख्या वाढवूनही त्यात फारसा फरक पडत नाही. पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो तो नेमका याच वेळी, आणि आत मात्र निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असू शकते. कुंभार गल्लीतील मूर्तिकार शाडूची मूर्ती वरून सुकल्याबरोबर रंगवायला घेत नाहीत, कारण आतली ओल रंग उडवते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भिंतीच्या बाबतीत मात्र हा विवेक क्वचितच पाळला जातो.

सुकण्याचा पहिला टप्पा हवेच्या हाती असल्याने हवेतील बाष्प मोजणे हे भिंतीतील ओल मोजण्याइतकेच आवश्यक ठरते. हवेत असलेले बाष्प आणि त्या तापमानाला तिच्यात मावू शकणारे कमाल बाष्प यांचे शेकडा प्रमाण म्हणजे आपेक्षिक आर्द्रता. एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम बाष्प आहे तो आकडा म्हणजे निरपेक्ष आर्द्रता. २४ अंश सेल्सिअस तापमानाची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे २१.८ ग्रॅम बाष्प धरते. ऑगस्टमधील ढगाळ दिवशी याच तापमानाला आपेक्षिक आर्द्रता ९० टक्के असेल, तर बाहेरच्या हवेत आधीच १९.६ ग्रॅम बाष्प असते आणि ओल्या भिंतीकडून आणखी जेमतेम दोन ग्रॅम घेण्याची तिची कुवत उरते. नोव्हेंबरातील दुपारी तापमान २८ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असेल, तर त्या हवेत सुमारे १२ ग्रॅमच बाष्प असते आणि त्याच भिंतीजवळून ती चौपटीहून अधिक बाष्प उचलू शकते. पूर ओसरल्याबरोबर सगळ्या खिडक्या रात्रंदिवस उघड्या टाकण्याचा सर्वमान्य सल्ला म्हणूनच सदासर्वकाळ योग्य ठरत नाही. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा खरोखर कोरडी असेल तेव्हाच तिला आत घेण्यात लाभ आहे, आणि ते ठरवण्यासाठी आत व बाहेर तापमान आणि आर्द्रता मोजणारी साधी उपकरणे पुरेशी असतात.

या मोजणीमागील शास्त्र अनेक विद्याशाखांतून हळूहळू एकत्र आले. १७८३ मध्ये स्वित्झर्लंडमधील ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी मानवी केस ओलीने लांबतो या गुणधर्मावर आधारलेला आर्द्रतामापक वर्णिला. एकोणिसाव्या शतकात ओल्या कापडात गुंडाळलेला आणि कोरडा अशा दोन तापमापकांच्या जोडीने आर्द्रता काढण्याची रीत रूढ झाली आणि ती आजही वेधशाळांत वापरात आहे. १८५६ मध्ये आंरी दार्सी यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, १९१८ मध्ये रिचर्ड लुकास आणि १९२१ मध्ये एडवर्ड वॉशबर्न यांनी सूक्ष्म नळ्यांत पाणी कोणत्या वेगाने शिरते याचे गणित दिले, आणि वर आलेला काळाच्या वर्गमूळाचा नियम त्यातूनच निघाला. दरम्यान १९११ मध्ये विलिस कॅरिअर यांनी तापमान, बाष्प आणि उष्णता यांचे परस्परसंबंध सूत्रबद्ध केले. छपाई व कापड कारखान्यांतील हवा नियंत्रित करण्यासाठी विकसित झालेले हे गणित पुढे भिजलेल्या इमारती सुकवण्याच्या कामी आले. १९२७ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड स्टॅम यांनी लाकडाचा विद्युतरोध त्यातील ओलाव्यानुसार प्रचंड प्रमाणात बदलतो हे दाखवून दिले आणि आज हातात मावणारी दोन सुयांची जी मापके मिळतात त्यांचा पाया घातला. भारतातही हे ज्ञान परके नाही. मातीतील पाण्याचे प्रमाण काढण्याच्या पद्धती आय. एस. २७२० या मानकाच्या दुसऱ्या भागात दिल्या आहेत, तर इमारती लाकडात किती ओलावा चालू शकेल हे आय. एस. २८७ हे मानक देशाचे हवामानानुसार विभाग पाडून सांगते. बाजार समितीत सोयाबीन घेऊन जाणारा शिरोळ वा हातकणंगले तालुक्यातील शेतकरी १२ टक्के ओलाव्याचा निकष आणि त्यापायी होणारी दरातील कपात यांना रोजच सामोरा जातो. धान्यातील ओलाव्याच्या एकेका टक्क्याचा हिशोब ठेवणाऱ्या या प्रदेशात घराच्या भिंतीतील ओलाव्याचा हिशोब मात्र ठेवला जात नाही, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

मोजण्याच्या पद्धती स्थूलमानाने चार गटांत मोडतात, आणि प्रत्येकीची मर्यादा समजल्याशिवाय तिच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. पहिली वजनाची पद्धत. भिंतीतून नमुना काढून त्याचे वजन करायचे, तो १०५ अंशांच्या भट्टीत पूर्ण सुकवायचा आणि वजनातील घटीवरून पाण्याचे प्रमाण काढायचे. ही सर्वांत विश्वसनीय आणि इतर पद्धतींना कस लावणारी पद्धत असली, तरी तिच्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागते, आणि जिप्समच्या गिलाव्यात रासायनिकरीत्या बांधलेले पाणीही त्या तापमानाला निघून जात असल्याने तेथे बरेच कमी तापमान वापरावे लागते. दुसरी कार्बाइडची पद्धत. काढलेला भुगा बंद बाटलीत कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवला की पाण्याच्या प्रमाणात ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओलावा जागेवरच वाचता येतो. मात्र ड्रिल वेगाने फिरवले तर त्याच्या उष्णतेनेच भुगा सुकतो आणि उत्तर फसवे येते.

तिसरा गट विजेवर चालणाऱ्या मापकांचा. सुयांची मापके विद्युतरोध मोजतात, तर भिंतीला टेकवायची सपाट मापके विद्युतधारितेतील, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतील फरक टिपतात. ही उपकरणे स्वस्त, जलद आणि भिंतीला फारशी इजा न करणारी असल्याने सर्वाधिक वापरली जातात, पण त्यांच्यावरील टक्केवारी बहुधा लाकडासाठी ठरवलेली असते. विटेवर किंवा गिलाव्यावर दिसणारा ‘२५ टक्के’ हा आकडा त्या विटेतील पाण्याचे प्रमाण नसून, कोरड्या जागेच्या तुलनेत ही जागा किती ओली आहे याची खूण आहे. शिवाय भिंतीत क्षार असतील तर वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतही ओली भासते. पत्र्याचे अस्तर किंवा आतली सळईही तशीच फसवणूक करते. चौथ्या गटात अप्रत्यक्ष पद्धती येतात. भिंतीत किंवा काँक्रीटच्या लादीत भोक पाडून, त्यात संवेदक ठेवून, तोंड बंद करून आतल्या हवेची आपेक्षिक आर्द्रता समतोलाला आल्यावर वाचणे ही त्यांपैकी एक. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याने भिंतीचे थंड भाग शोधणे ही दुसरी. कॅमेरा प्रत्यक्षात ओलावा पाहत नाही, तो बाष्पीभवनामुळे थंड झालेला पृष्ठभाग पाहतो. म्हणून हवा बाष्पाने भरलेली असताना, म्हणजे नेमक्या ऑगस्टमधल्या कोल्हापुरात, बाष्पीभवनच थंडावलेले असल्याने तो बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो. परदेशी माहितीपत्रकांत सहसा न सापडणारी अशी स्थानिक तथ्ये या विषयात वारंवार पुढे येतात.

‘कोरडे’ कशाला म्हणावे, या प्रश्नावरून अभ्यासकांत आणि व्यावसायिकांत वेगवेगळे पंथ पडले आहेत. सर्वांत जुना पंथ थांबण्याचा आहे. दारे-खिडक्या उघडायच्या, चिखल काढायचा, गिलावा खरवडायचा आणि ऋतूला आपले काम करू द्यायचे, ही गवंड्यांची पारंपरिक रीत त्यात येते. या रीतीत साहित्याचा अनुभव खोल आहे, परंतु नोंद नाही, त्यामुळे एका पुरातला अनुभव दुसऱ्या पुरात पुराव्यासह वापरता येत नाही. दुसरा पंथ अमेरिकेत विमा-उद्योगाच्या गरजेतून वाढला. ‘आय.आय.सी.आर.सी.’ या संस्थेने १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘एस-५००’ या मानकाने पाण्याचे प्रदूषणानुसार तीन प्रकार आणि सुकवण्याच्या भारानुसार चार वर्ग पाडले, रोजच्या रोज मोजणीचा आग्रह धरला आणि पुराने न भिजलेल्या त्याच साहित्याचे माप हे कोरडेपणाचे लक्ष्य मानले. या पंथाची शिस्त अनुकरणीय आहे. पण त्याची यंत्रसामग्री लाकडी सांगाडा आणि जिप्सम तक्त्यांच्या घरांसाठी घडलेली आहे, आणि तेथे तीन-चार दिवसांत संपणारे काम कृष्णाकाठच्या जाड भिंतींत महिनोन्‌महिने चालते. सांडपाणी मिसळलेले नदीचे पूरपाणी या वर्गीकरणात सर्वांत दूषित प्रकारात मोडते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरा पंथ युरोपातील, विशेषतः जर्मनीतील वास्तुभौतिकीचा. तो भिंतीतील पाण्याबरोबर क्षारांचाही हिशोब मागतो आणि विद्युत मापकांपेक्षा नमुन्याच्या वजनावर भर देतो. कोल्हापूरच्या दृष्टीने या पंथाचे महत्त्व मोठे आहे, कारण मैलापाणी व गुरांच्या गोठ्यांतून आलेले नायट्रेट भिंतीत राहून जातात, आणि साधे मीठसुद्धा आपेक्षिक आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतले बाष्प ओढून घेऊन विरघळते व हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिकरूप होते. दर पावसाळ्यात पूर नसतानाही भिंत ओलावणे आणि दर हिवाळ्यात तिचे पोपडे सुटणे, ज्याला घरोघरी लोणा लागणे म्हणतात, त्यामागे हे चक्र असते. अशा भिंतीला केवळ सुकवून भागत नाही. चौथा पंथ वारसा-जतनाचा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुरात फ्लॉरेन्समधील चित्रे, भित्तिचित्रे आणि ग्रंथ भिजले, आणि घाईने सुकवण्यातून कधी कधी पाण्यापेक्षाही मोठी हानी होते हा धडा त्या शहराने जगाला दिला. वेगाने वाळणाऱ्या भिंतीत क्षार पृष्ठभागावर धावून येतात आणि रंगथर उचकटतात. महाराष्ट्रातही १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने पुण्यातील मातीच्या आणि विटांच्या अनेक वाड्यांची अशीच परीक्षा घेतली, तर १८६४ मध्ये स्थापन झालेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांत ग्रंथहानी सोसावी लागली. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर आणि खिद्रापूरचे बाराव्या शतकातील कोपेश्वर मंदिर यांच्या दगडी बांधणीने पुरांमागून पूर पचवले आहेत. साहित्याची निवड हाच ओलाव्याच्या व्यवस्थापनाचा पहिला टप्पा आहे याची ही शेजारचीच साक्ष म्हणता येईल.

या चारही पंथांतील वाद मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरतात : वेगाने सुकवावे की सावकाश, आणि लक्ष्य हे ठरलेल्या आकड्याचे असावे की तुलनेचे. लाकडाचे उदाहरण या दुसऱ्या प्रश्नावर प्रकाश टाकते. लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल साधत राहते. हवेची आपेक्षिक आर्द्रता ८५ टक्के असेल तर ते साधारण १८ टक्के ओलाव्यावर स्थिरावते आणि ४५ टक्के असेल तर आठ-नऊ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात १८ टक्के दाखवणारी सागवानी चौकट त्या ऋतूपुरती कोरडीच मानावी लागते, आणि फेब्रुवारीत तोच आकडा दिसला तर कोठून तरी पाणी मिळत असल्याचे ते लक्षण ठरते. ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिल्यास लाकडाला बुरशी व कूज यांचा धोका असतो, हा सर्वमान्य निकष या ऋतुचक्राच्या चौकटीत ठेवूनच वापरावा लागतो.

या विषयाची निकड आजच वाढण्याची कारणे तीन आहेत. पहिले, पुरांमधील अंतर घटले आहे. २०१९ नंतर दोनच वर्षांनी २०२१ चा पूर आला, तेव्हा ज्या भिंती पहिल्या पुरानंतर घाईने लिंपल्या गेल्या होत्या त्यांच्यावर दुसरे पाणी चढले. दुसरे, घरे बदलली आहेत. जेथे माती, चुना आणि शहाबादी फरशी होती तेथे आता सिमेंट, चिनी मातीच्या चकचकीत टाइल्स, प्लायवूड आणि प्लास्टिक रंग आले आहेत, आणि या थरांमागे कोंडलेली ओल डोळ्यांना दिसत नाही. तिसरे, सणांचे वेळापत्रक आणि ओलीचे वेळापत्रक जुळत नाही. २०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पूर आला, २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी. घर पुन्हा उभे करण्याची माणसाची स्वाभाविक ओढ भिंतीला आवश्यक असलेल्या अवधीच्या आड येते, आणि दिवाळीला दिलेला रंग उन्हाळ्याआधीच फुगून येतो. ओल्या खोल्यांत राहण्याचा भार लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांच्यावर सर्वांत आधी पडतो, कारण बुरशी धरायला एक-दोन दिवसही पुरतात आणि तिचे बीजकण नंतर महिनोन्‌महिने हवेत राहतात.

यात शासकीय कार्यपद्धतीचाही प्रश्न गुंतलेला आहे. पूर ओसरताच तलाठी, ग्रामसेवक आणि अभियंते पंचनामे करतात. आपत्ती मदतीच्या निकषांत घर पूर्णतः पडले की अंशतः, आणि अंशतः असेल तर पडझड किमान १५ टक्के आहे का, हे पाहिले जाते. जी भिंत उभी आहे पण आतून पाण्याने भरलेली आहे, तिची गणना या चौकटीत होत नाही. आणि शिरोळच्या काळ्या मातीवर बांधलेले घर पुराच्या दिवशी शाबूत दिसले, तरी फुगलेली जमीन मार्च-एप्रिलमध्ये आकसताना त्याला तडे जातात, तेव्हा पंचनाम्याची मुदत संपलेली असते. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने धरणांचे विसर्ग, नदीपात्रातील अडथळे आणि पुराची कारणे यांचा ऊहापोह केला, आणि त्यापुढील पूरनियंत्रणाची चर्चाही मुख्यतः नदीभोवतीच फिरत राहिली. ती आवश्यक आहेच. परंतु पूर पूर्णपणे टळेपर्यंत दरवेळी भिजणाऱ्या घरांची काळजी कशी घ्यावी, या प्रश्नाला त्या चर्चेत जागा मिळालेली नाही.

प्रस्तुत ग्रंथ ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वास्तुविशारद, गवंडी व रंगारी यांची कामे घेणारे ठेकेदार, विमा सर्वेक्षक, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी आणि स्वतःचे घर स्वतः उभे करणारे कुटुंब असा वाचक त्यात गृहीत धरला आहे. गणित जेथे टाळता येत नाही तेथे ते उदाहरणासह दिले आहे, आणि उपकरणांची चर्चा करताना किमतीपेक्षा ते उपकरण नेमके काय मोजते या प्रश्नाला अग्रक्रम दिला आहे. परदेशी मानकांतील शिस्त स्वीकारायची, पण आकडे मात्र येथील साहित्य, येथील क्षार आणि येथील ऋतू यांच्या कसावर पारखून घ्यायचे, ही या मांडणीची भूमिका आहे. त्यासाठी मोजणीच्या जागा कशा निवडाव्यात, एका भिंतीवर जोत्याजवळ, पूररेषेवर आणि तिच्या वर अशी मापे का घ्यावीत, तुलनेसाठी वरच्या मजल्यावरील न भिजलेली भिंत कशी उपयोगी पडते, दोन मोजण्यांत किती दिवसांचे अंतर असावे आणि आलेखावरील रेषा सपाट होणे व भिंत कोरडी होणे यांत भेद कसा करावा, या प्रश्नांना ग्रंथाचा मोठा भाग दिला आहे. बुरशीनाशके, जलरोधक लेप आणि ओल थांबवण्याची खात्री देणारी बाजारातील उत्पादने यांची शिफारस त्यात केलेली नाही. मोजणीविना लावलेला कोणताही लेप ओल आत कोंडण्याचा धोका पत्करतो, इतकेच त्यांविषयी सांगितले आहे.

हा विषय महागड्या यंत्रांवाचून सुरूच करता येत नाही, असा समज मात्र वाचकाने करून घेऊ नये. पेन्सिलने भिंतीवर केलेल्या कायम खुणा, एक साधा आर्द्रतामापक, सुयांचे एक मापक आणि तारीख, वेळ, जागा व आकडा यांची नियमित वही एवढ्यावर उपयुक्त निरीक्षण उभे राहते, आणि एका गल्लीने किंवा ग्रामपंचायतीने मिळून उपकरणे घेतली तर त्याचा खर्च एका खोलीच्या पुन्हा द्याव्या लागणाऱ्या रंगापेक्षाही कमी येतो. कोल्हापूर आणि सांगलीतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी पुढच्या पुरानंतर काही घरांच्या अशा वह्या वर्षभर चालवल्या, तर येथील विटा, जांभा आणि काळी माती यांचे स्वतःचे आकडे प्रथमच हाती येतील. पंचनाम्याच्या नमुन्यात ओलाव्याच्या नोंदीसाठी एक रकाना असावा आणि पूर ओसरल्यानंतर सहा महिन्यांनी दुसरी पाहणी व्हावी, ही मागणी जिल्हा प्रशासनाकडे आग्रहाने मांडण्याजोगी आहे. आणि ती मांडली जाईपर्यंत पूररेषेतील प्रत्येक कुटुंबाने आपल्या भिंतींची वही आपणच सुरू करावी, अशी विनंती आहे.